धुराचं वय

तांबवड्याच्या भडभुंजे बोळात त्या वर्षी लोक एकमेकांच्या तब्येतीआधी धुराची चौकशी करत. "तुमचा किती आला?" असं कुणी विचारलं की समोरचा आकडा सांगे, अठ्ठ्याण्णव असला तर मान वर करून आणि एकसष्ट असला तर चपलेकडे बघत. एका लग्नाच्या बैठकीत मुलाच्या शिक्षणाआधी त्याच्या भट्टीचा आकडा विचारला गेला, अशीही गोष्ट बोळात फिरत होती. ती खरी की खोटी कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सांगणाऱ्याला कुणी अडवतही नव्हतं.

वैजयंता भडभुंजे हिच्या भट्टीचा आकडा कार्तिकापासून सत्त्याण्णवच्या खाली उतरला नव्हता. बोळ तिला वैजाक्का म्हणे. नवरा विलास जाऊन सात वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन नाशकाला होती, आणि चुरमुऱ्याची भट्टी ती धाकट्या दिराला, गजाननला, हाताशी धरून चालवत होती. कढईतली वाळू किती तापली हे ती नुसत्या वासावरून सांगे. हाताखाली पाच बायका होत्या. त्यांच्या चुरमुऱ्यांचं भडंग सांगली-मिरजेच्या दुकानांत जाई, आणि 'वैजाक्काचा माल' म्हटल्यावर दुकानदार पोतं उघडून बघत नसत.

हा आकडा म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

हवेतल्या कार्बनमध्ये एक अगदी चिमूटभर भाग जड, किरणोत्सारी कार्बनचा असतो. झाडंझुडपं हवा पिऊन वाढतात, तेव्हा ही चिमूटही त्यांच्यात जाते. झाड तोडलं, पीक कापलं की तिचं येणं थांबतं, आणि आत असलेली हळूहळू विझत जाते. पाच-सहा हजार वर्षांत ती निम्मी होते, पन्नास-साठ हजार वर्षांत जवळजवळ संपते. दगडी कोळसा आणि खनिज तेल तर कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडलेलं. त्यात ती शून्यच. म्हणजे धुरातली ही चिमूट मोजली की त्या धुराचा कार्बन कालपरवा हवेतून घेतलेला आहे की जमिनीखालून उपसून काढलेला, ते कळतं. पूर्वी हे मोजायला मोठी प्रयोगशाळा आणि कित्येक आठवडे लागत. दोन हजार एकेचाळीस साली तेच काम लेझरच्या किरणावर चालणारा, जेवणाच्या डब्याएवढा 'वयमापी' धुराड्याच्या गळ्यात बसून करत होता. नुसतं भाताचं तूस जळत असेल तर आकडा शंभर, नुसता कोळसा असेल तर शून्य, आणि मिसळ असेल तर त्या हिशेबानं मधला.

तालुक्याला प्रशिक्षण द्यायला आलेल्या एका उत्साही अधिकाऱ्यानं लोकांना सोपं जावं म्हणून दोन शब्द वापरले. जमिनीखालच्या कार्बनचा तो 'शिळा धूर' आणि झाडापिकांचा तो 'ताजा धूर'. शब्द इतके चपखल बसले की दुसऱ्या दिवसापासून सरकारी नाव कुणी तोंडातून काढलं नाही. शब्द सोपा असला की माणूस त्याचा अर्थ विचारायला जात नाही.

आता या आकड्यावर सगळं का अडलं होतं? जिल्ह्याला दरसाल किती शिळा धूर सोडता येईल याची मर्यादा बांधून दिलेली होती, आणि ती वर्षागणिक आवळत नेत होते. कमी कुणी करायचा? तर एक टन कमी करायला ज्याला सगळ्यांत कमी खर्च येतो, त्यानं आधी. ऐकायला हे अगदी शहाणपणाचं होतं आणि बऱ्याच अंशी होतंही. सिमेंटच्या कारखान्याला टनामागे अकरा हजार पडत, खतवाल्याला नऊ, बसगाड्यांना सहा. चुरमुऱ्याच्या भट्टीचे फक्त साडेचारशे निघाले. ते इतके कमी कसे, हे बघायला वैजाक्कानं एकदा कागद मागवून घेतला होता. भट्टी मोडून विजेचं यंत्र बसवायचं; यंत्राची किंमत खर्चात; आणि यंत्राला एकच माणूस पुरत असल्यामुळे उरलेल्या सहा जणांची वाचलेली मजुरी बचतीत. ते वाचून तिनं चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं होतं. बायकांची चूल बंद झाली ती कागदावर कुणाच्या तरी फायद्यात धरलेली होती.

तरी तिनं कधी नुसती बोटं मोडली नाहीत. बोळातल्या चौतीस भट्ट्यांपैकी तेवीस भट्ट्यांत टायर जळत. त्या या 'कपातीच्या रांगेत' पहिल्याच वर्षी बंद झाल्या, आणि त्यानंतर दोरीवरचे कपडे काळे होईनात, शाळेतली पोरं खोकेनात. हे तिला दिसत होतं आणि ती ते बोलूनही दाखवी. तिचं म्हणणं एवढंच की ज्याचा धूर ताजा, त्याला सुखानं जगू द्या. नियमही तसाच होता. पंच्याण्णवच्या वर असलेला रांगेतच नाही. मात्र जळणाची खोटी नोंद किंवा यंत्राशी छेडछाड सापडली की थेट रांगेच्या तोंडाशी, म्हणजे भट्टी बंद.

आणि वैजाक्कानं खोटी नोंद केली होती.

झालं असं की सगळ्यांनाच ताजं जळण हवं झाल्यामुळे पौषात तुसाला सोन्याचा भाव आला. गिरणीवाला फोन उचलेना. भट्टी चार दिवस थंड पडली. तेव्हा गजानन गावाबाहेरच्या एका गोदामातून दोन ट्रक लाकूड घेऊन आला. ग्रेट माणगंगा सर्कस नावाची एक सर्कस कधीकाळी पावसाळ्यात तिथं मुक्कामाला असे. सर्कस बंद पडून जमाना झाला होता, मालकाच्या नातवानं गोदाम विकायला काढलं होतं. रंगवलेल्या फळ्या सुतारांनी उचलल्या, आणि प्रेक्षकांच्या गॅलरीखाली टेकू म्हणून लागणारे सुरूच्या झाडाचे बिनरंगी वासे गजाननला मिळाले. खडखडीत वाळलेले, कीड न लागलेले. तो खुशीत होता.

वैजाक्का मात्र धास्तावली. या लाकडाला सत्तर वर्षं होत आली होती. ज्या गावात कालच्या भाकरीला शिळी म्हणतात, तिथं याला काय म्हणायचं? पण कढई थंड ठेवून पाच बायकांना घरी बसवणंही तिला जमेना. तिनं निम्मं तूस, निम्मं लाकूड असं चालू केलं, वाशांच्या ढिगावर ताडपत्री टाकली आणि सरकारी नोंदीत लिहिलं, 'भाताचं तूस, शंभर टक्के'. गजानन म्हणाला, खरं काय ते लिहू या. त्यावर ती म्हणाली की जळणाच्या बाबतीत तुम्ही मला शिकवू नका.

 या वाक्यात काय भरलेलं होतं ते दोघांनाही माहीत होतं. नऊ वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात, तूस भिजलं म्हणून, गजानननं तीन महिने भट्टीत टायर घातलं होतं. नगरपालिकेनं दंडही केला होता. पुढच्याच वर्षी विलासचा खोकला वाढला, आणि त्यानंतरच्या वर्षी तो गेला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की हे दुखणं वीस वर्षांच्या विडीचं आहे, एका पावसाळ्याचं नाही. वैजाक्कानं ते ऐकून घेतलं आणि मानलं नाही. गजानननं भट्टीच्या तोंडावर हात ठेवून शपथ घेतली होती की पुन्हा टायर घालणार नाही. ती त्याला वेळेवर जेवू घाली, आजारपणात त्याचं सगळं करी, पण 'झालं ते झालं' हे शब्द तिनं एकदाही उच्चारले नव्हते.

चैत्रात कपात कार्यालयातून निरंजन बिडकर नावाचे अधिकारी आले. पन्नाशीचे, सडपातळ, नोकरीत येण्याआधी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेले, आणि बोलण्यात अजून फळ्यासमोर उभे असल्यासारखे. वयमापीचा आकडा थेट कार्यालयात जाई आणि भट्टीवाल्याला तो काही महिन्यांनी पावतीवरच कळे; ती पावती त्यांच्या हातात होती. आकडा कोसळला असणार, असं धरूनच वैजाक्का बसली होती.

"एकशे चोवीस," बिडकर म्हणाले.

तिला आधी हायसंच वाटलं. शंभरातून एकशे चोवीस म्हणजे पहिला नंबरच की. पण बिडकरांचा चेहरा बक्षीस द्यायला आल्यासारखा नव्हता. "बाई, शंभराच्या वर जाता येत नाही. हवेपेक्षा ताजी वस्तू जगात नसते. याचा अर्थ यंत्राला कुणीतरी हात लावलाय."

यंत्रावरच्या कॅमेऱ्यात गजानन शिडी लावून धुराड्याशी चढलेला दिसत होता. साळुंकीनं तिथं घरटं केलं होतं, ते तो उतरवत होता. पण चित्रात घरटं दिसत नव्हतं, गजानन दिसत होता. बिडकरांनी यंत्राला सील लावलं आणि नियम समजावून सांगितला. छेडछाड करणाऱ्या माणसाला राज्यात कुठल्याही भट्टीवर जन्मभर काम करता येणार नाही. बाकीचे निर्दोष असतील तर त्याला काढून भट्टी नव्या यंत्रावर चालू राहील. दोष भट्टीचाच ठरला, तर ती उद्याच्या उद्या बंद. सुनावणी आठ दिवसांनी.

त्या संध्याकाळी गजानन ओट्यावर येऊन टेकला. "वैनी, माझं नाव लिवून द्या," तो म्हणाला. "मी एकटा जीव. कुठंबी हमाली करीन. भट्टी ऱ्हाईल."

 आठ दिवस वैजाक्का कढईपाशी बसून हाच विचार करत राहिली. तोंड बंद ठेवलं तर भट्टी वाचते, बायका वाचतात, आणि दीर जातो. लाकडाचं कबूल केलं तर दीर वाचेल, पण शिळं लाकूड आणि वर खोटी नोंद, म्हणजे भट्टी गेलीच. आणि मनाच्या एका कोपऱ्यात असंही येऊन गेलं, की जाऊ दे याला, एक पावसाळा याच्याकडे बाकी आहेच. ते येताच तिची तिलाच लाज वाटली. तिनं त्या दिवशी गजाननला ताटात दोन भाकऱ्या जास्त वाढल्या, आणि तो बिचारा मुकाट्यानं खाऊन उठला.

सुनावणीच्या खोलीत एक टेबल, एक पंखा आणि टंकन करणारा कारकून होता. भिंतीशी बाकावर पाची बायका डबे घेऊन बसल्या होत्या. बिडकरांनी गजाननला विचारलं की तुम्ही यंत्रात फेरफार केलात हे कबूल आहे का.

"व्हय."

"काय केलंत?"

गजानननं याची तयारी केलेली नव्हती. "वल्लं फडकं बांधलं," तो म्हणाला.

"ओल्या फडक्यानं आकडा वाढत नाही."

"मग सुकं आसंल."

कारकुनानं मान खाली घालून खोकल्याचं सोंग केलं. बिडकर चिडले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि गजाननकडे जरा कुतूहलानंच बघितलं. न केलेला गुन्हा कबूल करणारा माणूस त्यांच्या टेबलासमोर पहिल्यांदाच आला होता.

वैजाक्का उठली. ती टेबलापाशी आली.

"साहेब, ह्यो मानूस खोटं बोलतोय. आन त्याच्या आदी मी बोललेय. कागदावर नुसतं तूस लिवलंय, पर निम्मं लाकूड हाय. सर्कशीचं, सत्तर वर्सांचं. पौषापास्नं जाळतेय. आकडा खाली जायचा त्यो वर कसा गेला, त्ये मला ठावं न्हाई. पर धूर शिळा हाय, आन त्यो माझ्यामुळं. भावजींचं नाव काडून टाका."

 झालं, भट्टी गेली, असं तिला वाटलं, आणि नवल म्हणजे छाती आठ दिवसांत पहिल्यांदाच हलकी झाली.

बिडकर खुर्चीत पुढे सरकले होते. "हे लाकूड कुठल्या साली तोडलेलं?"

ते गजाननला ठाऊक होतं. सर्कशीचं सामान दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून प्रत्येक वाशाच्या बुडाशी तापल्या सळीनं साल डागलेलं होतं, एकोणीसशे चौऱ्याहत्तर. आणि झाडं? कोवळीच, बुडखा बघून नऊ-दहा वर्षांची असतील.

बिडकर उठले, खिडकीपाशी गेले आणि तिथं उभे राहून चक्क हसायला लागले. मग परत आले ते फळा नसताना शिकवायलाच.

"बाई, तुम्हाला शिळं म्हणजे काय वाटलं? सत्तर वर्षं? अहो, या यंत्राला सत्तर वर्षं म्हणजे आत्ता तव्यावरून उतरलेली भाकरी. शिळं म्हणजे कोट्यवधी वर्षांचं. तुमचं लाकूड ताजंच आहे. नुसतं ताजं नाही, ताज्याहून ताजं आहे." आणि त्यांनी सांगितलं ते असं. एकोणीसशे साठच्या आगेमागे मोठ्या देशांनी उघड्या हवेत अणुबाँब फोडून पाहिले. त्यामुळे हवेतली ती जड कार्बनची चिमूट बघता बघता जवळपास दुप्पट झाली. पुढे चाचण्या थांबल्या, ती हळूहळू समुद्रात आणि झाडांत मुरत पुन्हा कमी झाली. पण त्या दहाबारा वर्षांत जे जे वाढलं, त्याच्या अंगात ती दामदुप्पट साठून राहिली. कोकणच्या किनाऱ्यावर पासष्ट साली लावलेला आणि चौऱ्याहत्तर साली तोडलेला सुरू नेमका त्याच हवेवर वाढलेला. नुसता तो जाळला तर आकडा दीडशेच्या घरात जाईल. निम्म्या तुसात मिसळला म्हणून एकशे चोवीस.

"त्यो इषारी तर न्हाई?" बाकावरून रेहाना नावाच्या कामकरणीनं विचारलं. तिचं आयुष्य त्या भट्टीशी गेलं होतं.

नाही, बिडकर म्हणाले, चिमूट दुप्पट झाली तरी चिमूटच. त्या काळात जन्मलेल्या तुमच्या आईच्या हाडांतही ती होती.

वैजाक्का मटकन खाली बसली. रेहानानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. जळण ताजंच निघालं आणि कबुलीही आपणहून दिलीत, तेव्हा नियमातल्या सवलतीनं खोट्या नोंदीबद्दल ताकीद आणि सुधारित कागद, एवढ्यावर सुटाल, असं बिडकर म्हणतही होते, आणि बोलता बोलता थांबले. त्यांच्यातला मास्तर खाली बसला आणि अधिकारी उठला.

"पण एक अडचण आहे," ते म्हणाले. "दीडशेच्या लाकडात शून्याचं टायर मिसळलं तर आकडा शंभरावर आणता येतो. हे लाकूड असेपर्यंत तुमच्या धुराड्यात काय जळलं ते माझं यंत्र सांगू शकत नाही. आणि इथं नगरपालिकेचा जुना दंड दिसतोय, टायरचा. यांच्याच नावावर." त्यांनी वैजाक्काकडे पाहिलं. "मगाशी तुम्ही खरं बोललात, म्हणून तुम्हालाच विचारतो. या चार महिन्यांत एकही टायर गेलं नाही, हे छातीवर हात ठेवून सांगाल?"

सांगायला काय हरकत होती? पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. ती कढईपाशी असे, जळण मागच्या बाजूनं तो घाली. तिनं डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं, आणि शपथेवर तिचा भरवसा नव्हता.  गजानननं तिच्याकडे एकदा बघितलं आणि नजर जमिनीला लावली.

बिडकरांनी मान हलवली. टायरात जस्त असतं आणि जळल्यावर ते राखेत उतरतं, असं ते जणू स्वतःशीच म्हणाले. पण भट्टीत राख मिळणार ती दोन-चार दिवसांची. पौषापासूनची राख कुठून आणायची?

"राख हाय की, साहेब," रेहाना म्हणाली. "आमच्या घरात हाय."

भडभुंजे बोळात भट्टीची राख वाया जात नाही. तूर आली की बियाण्याची तूर राखेत घोळून डब्यात भरायची, हरभरा आला की हरभरा. किडा लागत नाही. वैजाक्काच्या भट्टीच्या दाराशी बायका सुपं घेऊन येत आणि गजानन फावड्यानं राख भरून देई. कुणाच्या डब्यात माघातली राख, कुणाच्या फाल्गुनातली, चैत्रातली तर भांडी घासायला घरोघर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिडकर पिस्तुलासारखं एक यंत्र घेऊन बोळात हजर झाले. ते राखेवर धरलं की तिच्यात कुठला धातू किती, ते दाखवी. जस्त असलं तर शिट्टी देई. सगळा बोळ मागोमाग. भट्टीची राख नेणारी अकरा घरं होती. पहिल्या घरच्या म्हातारीनं बजावलं की बघा काय बघायचं ते, पण माझी तूर सांडाल तर वेचून द्यावी लागेल. सरकारी माणूस पाटावर मांडी घालून तुरीचे दाणे बाजूला करत बसला. पहिल्या घरात शिट्टी नाही, दुसऱ्या घरात नाही, पाचव्यातही नाही. वैजाक्का प्रत्येक उंबऱ्याबाहेर पदर तोंडाशी धरून उभी राही. गजानन आलाच नव्हता. तो थंड भट्टीपाशी बसून होता.

आठव्या घरात शिट्टी वाजली.

 वैजाक्काच्या डोळ्यांसमोर विलासचं अंथरूण आलं, त्याची धाप आली, आणि भट्टीच्या तोंडावर ठेवलेला तो शपथेचा हात आला. घातलंच शेवटी, असं ती मनात म्हणाली. राग यायला हवा होता, तर नुसतं रडू आलं. भट्टी जाणार याचं ते नव्हतं. ते त्याच्यासाठी होतं, आणि ते तिला तिथं उभ्या उभ्या कळलं.

बिडकरांनी डब्याला टिचकी मारली. मग राख वर्तमानपत्रावर ओतायला सांगितली आणि यंत्र त्या ढिगाच्या मधोमध धरलं. शिट्टी नाही. पुन्हा धरलं. नाही. रिकाम्या डब्याला लावलं, तशी ती कर्कशपणे वाजली.

"पत्र्यालाच जस्ताचा मुलामा आहे," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच कपाळाचा घाम पुसला. "राख स्वच्छ आहे."

उरलेली तीन घरं त्यांनी कसोशीनं बघितली. चार महिन्यांची, अकरा घरची राख, आणि टायराचा मागमूस नाही. बिडकरांनी तिथंच, तुरीच्या म्हातारीच्या ओट्यावर बसून निकाल लिहिला. भट्टीचा धूर ताजा, भट्टी रांगेबाहेर, गजाननवरचा आरोप रद्द. उरलेले वासे मात्र जाळायचे नाहीत; ते प्रयोगशाळेत यंत्रांना धडे द्यायला लागतील, आणि त्याच्या बदल्यात कार्यालय पावसाळ्यापुरतं तूस देईल. जाताना वैजाक्कानं त्यांना कागदावरच्या मजुरीच्या त्या बचतीबद्दल विचारलंच.  तो रकाना मलाही पटत नाही, बदलायचं माझ्या हातात नाही, पण शेऱ्यात दरवेळी लिहितो, असं ते म्हणाले. तिला ते खरं वाटलं.

बोळात पेढे वाटायची घाई चालली होती, पण वैजाक्का तडक भट्टीकडे गेली. गजानन तुसाच्या पोत्यावर बसला होता. निकाल त्याला कुणीतरी धावत येऊन सांगितला होता. तो उठायला लागला तशी ती बसा म्हणाली, आणि समोर जमिनीवरच बसली.

"भावजी, साहेबांनी विचारलं तवा मी गप ऱ्हायले."

"व्हय."

"आन आज शिट्टी वाजली, तवा मला वाटलं, घातलंच तुमी."

"मला ठावं हाय, वैनी," गजानन म्हणाला. "आजचं न्हवं. नऊ वर्सं ठावं हाय."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच तिला ते ऐकवेना. तिनं पदरानं डोळे पुसले. "त्यांचा खोकला मी तुमच्या माथी मारून ठिवला हुता. डाक्टर सांगत हुते, तरीबी. माझं चुकलं. झालं त्ये झालं, भावजी."

साठीला टेकलेला तो दांडगा माणूस दोन्ही हातांत तोंड लपवून हुंदके द्यायला लागला. तिनं त्याला थांबवलं नाही. थोड्या वेळानं दारात रेहाना आली, आत काय चाललंय ते बघून घुटमळली, आणि शेवटी हळूच विचारती झाली की अक्का, आज भट्टी लावायची का नाही.

"लावायची की," वैजाक्का म्हणाली आणि कंबरेला पदर खोचून उठली. "कढईवर तू बस. जळण आज मी घालते. भावजींना जरा बसू दे."